बॅक बेअरिंग

कामठीला मे महिन्यात पेपर तपासणं म्हणजे
कूलरशी भांडण.
ताट्या सुकतात, पाणी टाका.
पाणी टाकलं की उत्तरपत्रिका ओलावतात
आणि लाल शाई पसरते.

हवालदारीचा कॅडर. नकाशावाचन, गुण शंभर,
पास व्हायला चाळीस.
नायक अंकुश भुसारी, बी.ए., एक्क्याण्णव.
अक्षर असं की वर्गात लावावं.
गोळीचा आवाज त्यानं ऐकलाय तो चांदमारीवर,
कानात कापूस घालून.
यात त्याचा दोष नाही. माझंही तसंच.
मी शिकवणारा. छातीवर दोन फिती आहेत,
दोन्ही नोकरीच्या वर्षांच्या.

त्याखालचा पेपर नायक झनकलाल उईके,
देवलापारकडचा.
प्रश्न तीन : समोच्च रेषा जवळजवळ असतील तर काय समजावे?
उत्तर : इथं दम लागते. रात्री चढा. दोर न्या.
नमुना उत्तरात दोनच शब्द आहेत, तीव्र चढ.
मी पेन उघडं धरून बसलो.
कूलरचा एक थेंब 'दोर'वर पडला.

प्रश्न सात : बेअरिंग तीनशे दहा, तर बॅक बेअरिंग किती?
म्हणजे गेलात तसंच परतायचं
तर तोंड कुठे करायचं.
एकशे ऐंशी वजा करायचे असतात.
त्यानं मिळवले. चारशे नव्वद.
असा कोन कुठल्याच होकायंत्रात नाही.

आणि हाच माणूस, अख्खी पलटण सांगते,
धुक्यात, सहाव्या रात्री,
एका पोराला पाठीवर बांधून
त्या उंचीवरून खाली आला
सकाळच्या चहाच्या वेळेला.
चहा आधी पोराला पाजला.

बेरीज अडतीस.

दोन गुण म्हणजे काय हो,
तिसऱ्यात एक, सातव्यात रीतीचा एक.
कुणी विचारणार नव्हतं.
मी त्याला बोलावून सांगितलं, तिथं चुकलो.

तो सावधानमध्ये उभा.
विश्राम म्हटलं तरी तसाच.
"नको जी.
आमचा सुबेदार मोठा मर्द होता.
दोन लढाया पायलेला.
त्याच्या मांगं आम्ही हिरीतबी उडी घेतली असती.
त्या राती वायरलेसवर त्यानं आकडे सांगतले,
आंधीचे मांगं, मांगचे आंधी.
आपल्याच तोफा आपल्यावर.
ज्या पोट्ट्याले मी पाठीवर आणलं ना सर,
त्याले दुश्मनाचं काहीच लागलं नव्हतं."

बाहेर मैदानावर नवी भरती कदमताल करत होती,
एक-दो-एक, एक-दो-एक,
मधेच कुणाचा तरी पाय चुकला आणि उस्ताद ओरडला.

"उद्या मी दहा पोट्टे घेऊन जाईन
अन् तोफेले सांगीन काय, चारशे नव्वद?
तीनशे दहातून एकशे ऐंशी.
तेवढं शिकवा मले. पुढच्या खेपेले बसतो."

"आणि भुसारी?" मी विचारलं.
तो पहिल्यांदा हसला.
"त्याले येते ना सगळं. फक्त दोर न्यायचा राहते."

अडतीस तसेच ठेवले.
यादीत भुसारीचं नाव टाइप केलं, मीच.
टाइप करताना हात अडला नाही,
पण संध्याकाळी कन्हानच्या पुलावर सायकल थांबवून
उगाच खाली बघत बसलो,
पाणी नव्हतंच, रेतीच होती, ट्रकांच्या चाकोऱ्या पडलेली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा बांधताना
त्याचा पेपर उलटा झाला.
मागच्या पानावर पेन्सिलीनं डोंगर,
रेषेला रेष चिकटलेली, हात कुठेच उचललेला नाही.
त्यातून खाली येणारी एक वाट,
जिथं जिथं बसला असेल तिथं तिथं ठिपका,
एकूण अकरा.
शेवटच्या ठिपक्याआधी वाटेच्या कडेला एक फुली.
तिच्याजवळ नाव नाही.

म्हणजे चहा त्यानं कुणाला पाजला होता?

मागचं पान तपासायचं नसतं.
मी तपासलं.
उत्तरेचा बाण काढायचा राहिला होता.
त्याचा अर्धा गुण कापतात.